देवळालीच्या मास्तरांची बेरीज

तत्त्वज्ञानाचा माणूस आकड्यांवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. वाटणं रास्त आहे. पण नाशिकात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांबद्दल बोलायचं नाही, तर मग कुठे? शिवाय माझं एक जुनं मत मला आज मागे घ्यायचं आहे.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकत असताना, १९२७ मध्ये, रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक तुम्हाला ठाऊक असेलच, तो आज बाजूला ठेवू. मला बोलायचं आहे ते त्यांच्या दुसऱ्या छंदाबद्दल : संख्येतल्या अंकांची बेरीज.

वर्गात मी एके काळी म्हणत असे की हा सगळा दहाच्या पद्धतीचा खेळ आहे. माणसाला आठ बोटं असती तर यातलं काय उरलं असतं? म्हणजे हे संख्येबद्दलचं ज्ञान नव्हे, आपल्या लिहिण्याच्या सवयीबद्दलचं. युक्तिवाद ऐकायला चांगला आहे. पण अर्धवट आहे.

बघा. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार चिठ्ठ्या पिशवीत घातल्या आणि एक काढली. अंकांची बेरीज किती येईल? ० ते ३६ मधलं काहीही. पण ० येणारी चिठ्ठी एकच, ३६ चीही एकच, आणि १८ येणाऱ्या ६७०. अंक वाढवत गेलात तर आलेख घंटेच्या आकाराकडे सरकतो. शंभर अंकी चिठ्ठ्या घेतल्या तर सरासरी ४५०, आणि बहुतेक बेरजा तिच्यापासून साठेकच्या आत. इथे नाणं कोणी फेकलेलं नाही. प्रत्येक संख्येची बेरीज आधीच ठरलेली आहे, तरी सगळ्या मिळून वागतात फाशांसारख्या! आणि पद्धत दहाची घ्या, आठाची घ्या, आकडे बदलतील, घंटा राहील.

आता कापरेकरांच्या ‘हर्षद’ संख्या, म्हणजे हर्ष देणाऱ्या. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो त्या. १८ घ्या, १ आणि ८ नऊ, नवाने १८ ला भाग जातो. अशा किती? साधा अंदाज असा : k अंकी संख्येची बेरीज साधारण साडेचार k, तेव्हा भाग जाण्याची शक्यता साडेचार k मध्ये एक. हा अंदाज चुकतो! कारण संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नवाने भागलं तर बाकी सारखीच उरते, हे आपण शाळेत शिकलोय. बेरजेत तीन किंवा नऊ असेल तर ते मूळ संख्येतही असणारच. तो अडथळा आधीच पार झालेला. हिशेब केला तर शक्यता सरासरीने ७/३ पट होते, म्हणजे १४/२७ भागिले k. हे काटेकोरपणे सिद्ध झालं ते या शतकाच्या सुरुवातीला. पूर्ण यदृच्छा नाही, पूर्ण नियमही नाही; माझ्यासारख्याची झोप उडवायला एवढं पुरे.

तिसरी जात अधिक मजेची. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवा : १४ मध्ये १ आणि ४ मिळवले की १९. तेव्हा १४ हा १९ चा जनक. मग २० चा जनक कोण? १ ते ९ पासून २ ते १८ या सम संख्या मिळतात, १० ते १९ पासून ११ ते २९ या विषम, आणि २० पासून २२. वीस मधेच राहून गेला, त्याला जनक नाही. त्र्यंबकेश्वर जवळ असताना अशा संख्येला स्वयंभू म्हणायला हरकत नसावी. जगभर यांना ‘सेल्फ नंबर’ म्हणतात, काही जण ‘देवळाली संख्या’ही म्हणतात.

चेंडू डोळे मिटून डब्यांत टाकावेत तसं हे घडत असतं, तर जवळजवळ ३७ टक्के डबे रिकामे राहिले असते. प्रत्यक्षात स्वयंभू संख्या दहा टक्क्यांहूनही थोड्या कमीच. दहाच्या एका गटात उड्या दोन-दोनच्या पडतात, सम आणि विषम गट एकमेकांच्या फटी भरतात, म्हणून. अशा संख्यांचं प्रमाण ठरावीक राहतं, हे इटलीच्या झानिएर यांनी १९८२ मध्ये दाखवलं. तेव्हा मास्तर हयात होते, १९८६ ला गेले.

मार्टिन गार्डनरने मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, त्यानंतर आपल्याकडच्याही पुष्कळांना ते दिसू लागले. तोवर पुस्तिका स्वतःच छापायच्या, स्वतःच वाटायच्या. त्या काळी त्यांना ‘खेळ’ म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. पुढे २०१० मध्ये मोद्वी आणि रिवा या फ्रेंच गणितज्ञांनी सिद्ध केलं की मूळ संख्यांपैकी निम्म्यांच्या अंकांची बेरीज सम, निम्म्यांची विषम. चाळीस वर्षं रखडलेला प्रश्न, आणि विषय तोच : अंकांची बेरीज!

जाता जाता एक. १०१ ला दोन जनक, ९१ आणि १००. तीन जनक असलेली संख्या मास्तरांनी शोधली : एकावर बारा शून्यं आणि शेवटी एक. पहिला जनक सोपा, तिच्याहून एकाने लहान. दुसरा ९९९९९९९९९९९०१, तिसरा ९९९९९९९९९९८९२. बेरीज करून बघा. कागद-पेन्सिल पुरते, मी काल रात्री केली.