पाठीवरील फवारणी पंप : बॅटरी व पेट्रोल

पाठीवरील फवारणी पंप हे पिकावर कीटकनाशक, बुरशीनाशक अथवा तणनाशकाचे द्रावण फवारण्यासाठी एका व्यक्तीने पट्ट्यांच्या आधारे पाठीवर वाहून नेण्याचे यंत्र होय. दांडा मारून चालवावयाचा हातपंप हा त्याचा जुना प्रकार. बॅटरीवरील व पेट्रोल इंजिनावरील पंप त्यानंतर प्रचारात आले. यवतमाळ या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात या दोहोंतून निवड करताना किंमत व सोय यांच्याबरोबर फवारणाऱ्याच्या जिवाचाही विचार करावा लागतो. २०१७ च्या विषबाधेने ते दाखवून दिले.

रचना

बॅटरी पंपात साधारणतः १६ ते २० लिटरची प्लास्टिकची टाकी, तळाशी १२ व्होल्टची बॅटरी आणि तिच्यावर चालणारी लहान मोटर असते. दाब हातपंपाइतका किंवा थोडा अधिक असतो. मात्र तो एकसारखा राहतो. हातपंपात दांडा मारणारा थकला की दाब उतरतो आणि थेंब जाड पडू लागतात.

पेट्रोल पंपात लहान इंजिन असते. ते दोन-स्ट्रोक असल्यास पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात ऑइल मिसळावे लागते. याचा दाब बॅटरी पंपाच्या कित्येक पट असल्याने थेंब बारीक होतात व फवारा दूरवर जातो. भरलेल्या टाकीसह वजन तीस किलोच्या आसपास भरते; शिवाय इंजिनाचा आवाज, धूर आणि हादरे पाठीशीच असतात.

औषधाची मात्रा

दोन्ही पंपांतील सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित फरक येथे आहे. कृषी सल्ल्यांत औषधाची मात्रा बहुधा दहा लिटर पाण्यासाठी, साध्या पंपास धरून दिलेली असते आणि 'पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट करावी' अशी सूचना जोडलेली असते. पेट्रोल पंपाने तेवढ्याच क्षेत्रास पाणी कमी लागते, हे त्याचे कारण. उदाहरणार्थ, दहा लिटरला २० मिलि औषध आणि हेक्टरी ५०० लिटर पाणी धरल्यास औषध १ लिटर लागते. तेच १ लिटर औषध दहा लिटरला ६० मिलि या प्रमाणात मिसळले, तर सुमारे १६७ लिटर द्रावणात संपते. पिकाला मिळणारे औषध सारखेच. परंतु फवारणाऱ्याच्या अंगावर उडणारा प्रत्येक थेंब तिप्पट तीव्र असतो.

बॅटरी पंपास साध्या पंपाचीच मात्रा लागू होते. तथापि बोलण्यात त्यालाही 'पॉवर पंप' म्हटले जाते. नावाच्या या घोटाळ्यातून त्यात तिप्पट औषध पडण्याचा धोका संभवतो.

२०१७ ची विषबाधा

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि किमान वीस जण दगावले. अनेकांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. त्या काळातील चर्चेत अनेक कारणे पुढे आली : जहाल कीटकनाशकांची एकत्र मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, त्या वर्षी माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेला कापूस आणि बारीक तुषार वेगाने सोडणारे चिनी बनावटीचे पंप. सारा दोष एकट्या पंपावर टाकणे न्याय्य ठरत नाही. मात्र डोक्याएवढ्या पिकात बारीक तुषार उडाला की तो नाकातोंडात जातो, हेही खरे. दगावलेल्यांत मजुरीने फवारणी करणारेही होते. पंप निवडतो शेतमालक आणि पाठीवर घेतो मजूर, ही बाब निवडीच्या चर्चेत क्वचितच येते.

निवड

थोडी जमीन, कमरेपर्यंतचा कापूस, सोयाबीन किंवा तूर यांसाठी बॅटरी पंप पुरेसा ठरतो. तो हलका, कमी आवाजाचा असून धूर सोडत नाही. त्याची अडचण विजेची : रात्री भारनियमन झाले, तर सकाळची फवारणी अडते. शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त पण जड असते. लिथियम बॅटरी हलकी व महाग. संत्र्याची उंच झाडे किंवा मोठे क्षेत्र असल्यास पेट्रोल पंपाला पर्याय मिळणे कठीण. खांद्याच्या वर गेलेल्या कापसात मात्र तो टाळणे इष्ट. अशा पिकात दोन्ही पंपांनी फवारताना वाऱ्याकडे तोंड करू नये, हातमोजे, मुखपट्टी व चष्मा वापरावा. घाम व लाळ वाढणे, दृष्टी अंधूक होणे, मळमळ अशी लक्षणे दिसताच काम थांबवून, दूषित कपडे काढून, अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या वेष्टनासह रुग्णालय गाठावे.

देखभाल

हंगामानंतर पूर्ण उतरलेली शिसे-आम्ल बॅटरी तशीच ठेवल्यास निकामी होते. म्हणून ती अधूनमधून चार्ज करावी. पेट्रोल पंपाची इंधनटाकी रिकामी करून ठेवावी. दोन्ही पंपांची टाकी, नळी व नोझल धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकून साफ करण्याची पद्धत धोकादायक आहे. त्यासाठी मऊ ब्रश वापरावा.