पाणबुडी, झडप आणि टोपास

मंडळी, दिवाळी अंकात संडासावर लेख? संपादकांनीही आधी हाच प्रश्न विचारला. पण बोटींवर इंजिनिअर म्हणून जवळजवळ तीस वर्षं काढलेल्या माणसाला समुद्राचा इतिहास विचाराल, तर तो वास्को-द-गामापासून सुरू करील याची खात्री नाही. मोठमोठ्या लढाया पुस्तकांत सापडतात. जहाज चालतं मात्र पंप, पाइप आणि झडपांवर. आणि त्यातही सगळ्यांत दुर्लक्षित झडप असते ती शौचकुपाची.

इंग्रज खलाशी जहाजावरच्या संडासाला आजही 'हेड' म्हणतात. हा शब्द शिडाच्या जहाजांच्या काळातला. चौकोनी शिडांच्या जहाजाला वारा बहुतेक वेळा मागून किंवा बाजूने लागतो, म्हणून घाण वास जहाजावर न येता पुढे निघून जावा यासाठी खलाशांची सोय अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे जहाजाच्या 'डोक्या'शी केलेली असे. फळीला भोक, खाली उघडा समुद्र, आणि धुण्याचं काम लाटांकडे! पोर्ट्समथला नेल्सनचं 'व्हिक्टरी' जहाज पाहायला आपल्यापैकी बरेचजण मुलांना घेऊन गेले असतील. १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत त्यावर आठशेच्या वर माणसं होती आणि पुढच्या टोकाच्या या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वादळात तिथे बसणं म्हणजे जिवाशी खेळ. पण एक गोष्ट कबूल करायला हवी, त्या संडासात बिघडण्यासारखं काहीच नव्हतं.

बिघाड सुरू झाला तो संडास जहाजाच्या पोटात आल्यावर. तिथे भांडं पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा खालीच असतं. म्हणजे घाण बाहेर ढकलायची ती 'वर', आणि समुद्र मात्र सतत आत यायला टपलेला. म्हणून हातपंप आला. दांडा वर-खाली करायचा, एका बाजूने समुद्राचं पाणी आत, दुसऱ्या बाजूने मैला बाहेर. बाहेरच्या वाटेवर बदकाच्या चोचीसारखी एक रबरी झडप असते, तिला 'जोकर व्हॉल्व्ह' म्हणतात. नाव विनोदी असलं तरी काम गंभीर, गेलेलं परत येऊ न देण्याचं. शिवाय पाइपाला पाण्याच्या पातळीच्या बराच वर एक वळसा देतात आणि त्याच्या माथ्यावर हवेसाठी छोटं छिद्र ठेवतात. हे छिद्र मिठाने बुजलं की सायफन सुरू होतो आणि समुद्र गुपचूप आत येऊ लागतो. धक्क्याला बांधलेल्या छोट्या बोटी अशा रातोरात बुडाल्याची उदाहरणं आहेत.

आपल्यापैकी ज्यांनी इथे हौसेने छोटी बोट घेतली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भांडं आपोआप भरत असेल तर आधी जोकर व्हॉल्व्ह आणि ते छिद्र पाहा. दांडा जड जात असेल तर बहुधा पाइपात 'दगड' धरलाय. लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की चुनखडीसारखा थर बसतो आणि पाइप आतून बारीक होत जातो. साधं व्हिनेगर अधूनमधून सोडलं तरी बराच फरक पडतो. वास येतो पण गळती दिसत नाही, तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपावरून फिरवा आणि फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास आला तर तो पाइपच बदलायला झालाय. आणि बोट सोडून जाताना तळाची झडप बंद. हे विसरायचं नाही!

आता त्या पाणबुडीकडे वळू या. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांत पन्नासएक माणसांसाठी दोन संडास असत, आणि सफरीच्या सुरुवातीला त्यातला एक खाण्याच्या सामानाने भरलेला! उरलेला एक तोही पाणबुडी पृष्ठभागाजवळ असतानाच चाले. कारण दर दहा मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. त्या दाबाविरुद्ध हाताने किती ढकलणार? युद्धाच्या शेवटी दोस्तांच्या विमानांमुळे आणि रडारमुळे पाणबुड्यांना वर येणंच कठीण झालं. म्हणून खोल पाण्यात चालणारा नवा संडास बसवला गेला. आधी मैला एका मजबूत कोठीत घ्यायचा, आतली झडप बंद करायची, मग बाहेरची उघडून दाबाच्या हवेने तो समुद्रात फेकायचा. क्रम चुकला की खेळ खलास. ते चालवण्यासाठी म्हणे खास शिकवलेला माणूस नेमलेला असे.

१४ एप्रिल १९४५. 'यू-१२०६' ही पाणबुडी स्कॉटलंडमधल्या पीटरहेडच्या किनाऱ्याजवळ सुमारे साठ-सत्तर मीटर खोल होती. पुढच्या संडासातून समुद्र आत घुसला. खाली बॅटऱ्या होत्या. खारं पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं आणि विषारी क्लोरीन वायू तयार झाला. पाणबुडी वर आणण्यावाचून कप्तान श्लिट यांना गत्यंतर राहिलं नाही. वर आल्यावर विमानाने गाठलं. शेवटी पाणबुडी स्वतःच बुडवून माणसांनी बोट सोडली. चौघे दगावले, ४६ जण कैद झाले. २४ दिवसांनी युरोपातलं युद्धच संपलं.

लोक ही गोष्ट हसत हसत सांगतात की कप्तानाने स्वतः संडास वापरला, पुस्तकात बघून कळा फिरवल्या आणि पाणबुडी बुडवली. श्लिट यांचं म्हणणं वेगळं होतं. आपण त्या वेळी इंजिनाच्या खोलीत होतो आणि एक मेकॅनिक पुढच्या संडासाची बाहेरची झडप दुरुस्त करू पाहत होता, असं त्यांनी सांगितलं. मला हे म्हणणं जास्त पटतं. दाबाखालचा पाइप बाहेरून बंद आहे की नाही, हे न पाहता उघडला की काय होतं ते माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण विनोद सत्यापेक्षा जास्त वर्षं जगतो, आणि त्यात चार माणसं मेली हे मागे पडतं.

आणि आता आपल्या माणसांकडे येतो. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर रत्नागिरीकडचे कितीतरी खलाशी असत. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, अशी त्यांची पदं. सगळ्यांत खाली 'टोपास', म्हणजे संडास आणि न्हाणीघरं साफ करणारा. रॉयल इंडियन नेव्हीतही हे अधिकृत पद होतं. गावात हे काम ज्यांच्या माथी मारलं जाई, बहुतेक वेळा त्याच समाजांतल्या माणसांच्या वाट्याला ते समुद्रावरही आलं. काळं पाणी ओलांडलं, पण जात काही ओलांडली गेली नाही.

मी नवा असताना एका बोटीवर असेच एक वयस्कर काका होते. विमानातल्यासारखी हवेने खेचणारी पद्धत तेव्हा आमच्याकडे आली होती आणि ती सगळीच्या सगळी बंद पडली होती. दोन वरिष्ठ अधिकारी पंपाशी झगडत होते, मी बॅटरी धरून उभा. काका गल्लीतून चालत गेले, प्रत्येक दाराशी क्षणभर कान दिला, आणि एका केबिनपाशी थांबून म्हणाले, "साब, इथे हवा पितोय." तिथल्या एका फ्लशची झडप अर्धवट उघडी राहिली होती. ती बंद केली आणि दहा मिनिटांत सगळं सुरळीत! त्यांचं नाव मात्र कुठल्याच नोंदवहीत चढलं नाही.

हीच पद्धत अमेरिकेच्या 'जेराल्ड फोर्ड' या विमानवाहू नौकेवर आहे. पाइपात थर धरतो म्हणून त्यात अॅसिड सोडावं लागतं, आणि एका वेळचा खर्च चार लाख डॉलर, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२० साली नोंदवलं. आपल्या व्हिनेगरचाच हा थोरला भाऊ म्हणायचा! २७ सप्टेंबर २००३ पासून मैल्याबाबतचे आंतरराष्ट्रीय नियमही लागू झाले आहेत. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही.

असो. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणी आणतो, तिला हळद-कुंकू वाहतो, तिला लक्ष्मीच म्हणतो. केरसुणीचा मान आपण राखला. ती हातात धरणाऱ्याचा राखायला मात्र शेकडो वर्षं विसरलो. यंदा पूजा करताना मुलांनी विचारलं की झाडूला नमस्कार कशाला, तर त्यांना त्या हातांबद्दलही सांगा. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!