पांढरीवर पहिले आलेले

पांढरी म्हणजे गावठाण, काळी म्हणजे शेतजमीन. घराणं किती जुनं, हे या दोन्हींत शोधावं लागतं. केज तालुक्यातलं आमचं नांदूरघाट सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्यामुळं आजोबांच्या मागं जायचं म्हटलं, की कागद उर्दूत निघतो, नाहीतर मोडीत. त्याअलीकडचा दाखला १९५४-५५ च्या खासरा पत्रकाचा. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा कित्येक घरांनी पहिल्यांदा वंशावळ मांडली.

पण जमिनीच्या कागदात सापडतो तो वावराचा धनी. ज्यानं गाव वसवताना माती वाहिली, पण ज्याच्या नावावर गुंठाभरही नव्हता, त्याचं काय? नांदायला आलेल्या बाईचं काय? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावं मिळतात. पण यात्रेला गेलेल्यांचीच.

म्हणून घरातलं म्हातारं माणूस बोलतंय तोवर विचारून घ्यावं. पणजोबा कुठून आले, कोणत्या दुष्काळात आले, आजीचं माहेर कोणतं. वावराचा कागद तहसिलात मिळेल. हे मात्र त्या माणसाबरोबरच जाईल.