एपलकाका आणि शिळा पाव

माल्मोमध्ये सप्टेंबर सरत आला की घरांच्या फाटकांबाहेर खोकी दिसू लागतात. आत सफरचंदं आणि वर पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं, ‘घेऊन जा’. परसातल्या एका झाडाला एवढी फळं लागतात की घरच्यांना ती संपवता येत नाहीत. पहिल्या वर्षी मी त्या खोक्यांपाशी चोरासारखा घुटमळून परत आलो होतो. मंडईत भाव विचारल्याशिवाय फळाला हात न लावणाऱ्या घरातला मी. दुसऱ्या वर्षी मात्र पिशवी घेऊनच बाहेर पडलो.

एवढ्या सफरचंदांचं करायचं काय? इथे याचं उत्तर ठरलेलं आहे : एपलकाका. स्वीडिशमध्ये ‘काका’ म्हणजे केक. हसू आवरून शब्दाचं मूळ शोधलं, तर इंग्रजीतला ‘केक’ हाच या काकाच्या घराण्यातला निघाला. जुन्या नॉर्स भाषेतला ‘काका’ इंग्लंडात गेला आणि त्याचा ‘केक’ झाला. म्हणजे आपण वाढदिवसाला कापतो तो नात्याने पुतण्या!

पेशाने मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे शोधताना ‘पारंपरिक’ हा शब्द आवर्जून टाकला. पाककृती मिळाली : मैदा, अंडी, लोणी, साखर, बेकिंग पावडर, वर सफरचंदाच्या फोडी आणि दालचिनी, सोबत थंडगार व्हॅनिला सॉस. ग्रॅमवर तोलून केक केला आणि ऑफिसातल्या मित्राच्या आईला खायला बोलावलं. इथे वडीलधाऱ्यांनाही नावानेच हाक मारतात, पण मनातल्या मनात मी त्यांना काकूच म्हणतो. काकूंनी दोन तुकडे खाल्ले आणि शांतपणे म्हणाल्या, “छान झालाय. पण आमच्या घरी याला एपलकाका म्हणत नाहीत.”

पुढच्या रविवारी त्यांनी त्यांचा करून दाखवला. राईचा काळसर शिळा पाव किसला. तो चुरा लोण्यात साखर घालून खमंग परतला. आंबट सफरचंदांचा गर शिजवून घेतला. मग भांड्यात एक थर चुऱ्याचा, एक गराचा, पुन्हा चुऱ्याचा, आणि सगळं ओव्हनमध्ये. मैदा नाही, अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. दक्षिण स्वीडनच्या या स्कोने प्रांतातला जुना एपलकाका तो हाच.

मग माझा ‘पारंपरिक’ केक कुठून आला? प्रोग्रॅममध्ये घोळ सापडला की आम्ही कुठली ओळ कधी घातली गेली ते मागे जाऊन पाहतो. पाककृतीचंही मी तेच केलं.

बेकिंग पावडर ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रसायनशास्त्रज्ञांनी घडवलेली वस्तू. जर्मनीत डॉ. ओएटकर यांनी तिच्या घरगुती मापाच्या पुड्या बाजारात आणल्या त्या १८९१ नंतर. व्हॅनिलाची गोष्ट आणखी गंमतशीर. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर १८४१ साली एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाचं हाताने परागीभवन करण्याची सोपी युक्ती शोधली. तोवर मेक्सिकोबाहेर या वेलीला शेंगा धरवणं जवळपास अशक्य होतं. पुढे १८७४ साली जर्मनीत कृत्रिम व्हॅनिलिन तयार झालं आणि हा वास सामान्यांच्या आवाक्यात आला. साखर स्वस्त झाली ती बीटामुळे. स्कोनेच्या सपाट शेतांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बीट पसरलं आणि त्यामागोमाग साखरेचे कारखाने आले. घरोघरी ओव्हन असलेली लोखंडी चूलही साधारण त्याच काळातली. दालचिनी जुनी खरी, पण ती श्रीलंकेची आणि दीर्घकाळ डच व्यापाऱ्यांच्या मुठीतली. म्हणजे श्रीमंतांची.

कायसा वार्य या स्टॉकहोममधल्या घरव्यवस्थापक बाईंनी १७५५ साली स्वीडनचं गाजलेलं पाकपुस्तक छापलं. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. ‘घरात असेल ते घ्यावं’ हे वाक्य स्वीडिश माणूस हमखास त्यांच्या नावावर खपवतो. ते त्यांच्या पुस्तकात मात्र नाही. पण माझा केक करायला लागणारी बेकिंग पावडर त्यांनाही मिळाली नसती.

या सगळ्या ओळी खोडल्यावर उरतं काय? सफरचंद, लोणी आणि शिळा पाव.

सफरचंदाचं मूळ कझाकस्तानच्या डोंगरांत. उत्तरेतली रानटी सफरचंदं लहान आणि तुरट. चांगल्या कलमांची झाडं बाराव्या शतकापासून ख्रिस्ती मठांच्या बागांतून इकडे रुजली. तळघरात नीट ठेवलं तर हे फळ हिवाळाभर टिकतं. जिथे पाच महिने काही उगवत नाही तिथे हा गुण लाखमोलाचा.

आणि पाव? खेड्यातली मोठी भट्टी रोज पेटत नसे. सरपण जपून वापरायचं, म्हणून एकदाच भरपूर भाजून ठेवायचं. मध्य स्वीडनमधले भोक पाडलेले कडक पाव तर आढ्याजवळच्या काठीत ओवून महिनोन्‌महिने ठेवत. तिथे शिळा पाव म्हणजे चूक नव्हे, पावाची ती रोजची अवस्था. त्यात दुष्काळाचा धाक. १८६७ साली वसंत आलाच नाही म्हणावा इतका उशिरा आला, पुढच्या वर्षी अवर्षण पडलं. उत्तरेत लोकांनी पाइनच्या आतल्या सालीचं पीठ पावात मिसळलं आणि हजारोंनी अमेरिकेची बोट धरली. काकूंच्या व्हॅनिला सॉसला दाटपणा येतो तो बटाट्याच्या पिठाने. या पिठामागेही धान्य वाचवण्याचीच धडपड होती. बटाट्यापासून पीठ आणि दारू काढण्याची रीत मांडल्याबद्दल २४ वर्षांच्या एवा एकेब्लाड १७४८ साली रॉयल स्वीडिश अकादमी ऑफ सायन्सेसच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ होता, तरी १९४० पासून साखर, कॉफी, पाव कुपनावर गेले. काकूंच्या आईने पावाचा चुरा डब्यात साठवायची सवय तेव्हा लावून घेतली, ती कायमची.

हे सगळं मी वाचलं ते नंतर. काकूंकडे पहिला घास घेतला तेव्हा मला आठवला तो शिळ्या पोळीचा लाडू.

माझी आजी सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. पुढे आमच्या पुण्याच्या घरात गव्हाचं पोतं कधी रिकामं झालं नाही, तरी उरलेली पोळी ती टाकू द्यायची नाही. कुस्करून, तूप-गूळ घालून लाडू वळायची. दहा वर्षांचा असताना मी एकदा पाहुण्यांसमोर ओरडलो, “आजीने शिळ्या पोळ्यांचे लाडू केलेत!” तिने डबा पदराआड घेतला आणि पाहुण्यांपुढे बिस्किटं ठेवली. त्यानंतर लाडू झाले, पण घरात कोणी नसताना. मला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

स्कोनेच्या कॅफेत तोच शिळा पाव काचेच्या कपाटात मांडतात, वर सॉस ओततात आणि पाटीवर अभिमानाने ‘जुन्या पद्धतीचा’ असं लिहितात. आजीला हे दाखवायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात काकू पुन्हा आल्या. या वेळी मी पावाच्या चुऱ्याचा एपलकाका केला आणि त्याच्या शेजारी बशीत चार लाडू ठेवले. काय आहे असं त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं, “शिळ्या पोळीचे.”

त्यांनी एक उचलला, सावकाश खाल्ला आणि विचारलं, “पोळी किती शिळी लागते?”

“कालची,” मी म्हणालो.

त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि लिहून घेतलं.