एक शल्यविशारद, दोन रुग्ण : मणक्यांच्या संधान-शस्त्रक्रियेचा रुग्णाच्या बाजूने मागोवा

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या नावांनी लिहिला जातो. ज्यांच्यावर ती झाली ते रुग्ण आकडेवारीत विरून जातात. कण्याचे दोन वा अधिक मणके हाडाच्या कलमाने कायमचे सांधणारी शस्त्रक्रिया, म्हणजेच स्पायनल फ्यूजन, यास अपवाद नाही. प्रस्तुत लेखात न्यूयॉर्कमधील एकाच शल्यविशारदाच्या दोन रुग्णांच्या अनुभवाची कोणती साधने उरली आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती कशी वाचावीत, याचा विचार केला आहे.

या शस्त्रक्रियेचा उगम १९११ मधील आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्येच रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी यांनी आपापल्या स्वतंत्र पद्धती प्रसिद्ध केल्या. हिब्ज यांनी मणक्यांच्या मागील भागातीलच हाड वापरले, तर आल्बी यांनी रुग्णाच्या नडगीचा तुकडा मणक्यांत बसविला. दोघांसमोर रोग होता कण्याचा क्षय. मात्र शल्यविशारद हाड बसवितो, सांधतो ते शरीर. आणि त्यास कित्येक महिने लागतात. या काळात कणा हलला तर हाड जुळत नाही व तेथे 'खोटा सांधा' तयार होतो. म्हणून रुग्णाला दीर्घकाळ अंथरुणावर, प्लास्टरमध्ये किंवा पोलादी आधारात राहावे लागे. पुढे धातूची पट्टी व स्क्रू आले, तरी त्यांचे काम हाड जुळेपर्यंत मणके स्थिर धरण्याचे होते. शस्त्रक्रियागृहातील काही तासांपेक्षा नंतरचे हे महिने म्हणजेच रुग्णाच्या दृष्टीने खरी शस्त्रक्रिया होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मेक्सिकोच्या चित्रकर्त्री फ्रिडा काहलो १९४६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी' या रुग्णालयात दाखल झाल्या. बालपणीचा पोलिओ आणि १७ सप्टेंबर १९२५ रोजीचा बस अपघात यांमुळे त्यांचे शरीर आधीच खिळखिळे झाले होते. डॉ. फिलिप विल्सन यांनी त्यांच्या कमरेच्या हाडाचा तुकडा आणि धातूची कांब वापरून मणके सांधले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी आपले जुने मित्र आलेहान्द्रो गोमेझ आरियास यांना एक पत्र लिहिले. त्यात यातनांचा उल्लेख आहे, पाठीवरील व्रणांचा आहे, आणि सूर बराचसा थट्टेचा आहे. पुढे त्यांना दीर्घकाळ पोलादी कॉर्सेट वापरावे लागले.

त्याच वर्षी त्यांनी काढलेले 'आशेच्या वृक्षा, खंबीर राहा' हे चित्र येथे साधन म्हणून महत्त्वाचे ठरते. चित्रात दोन फ्रिडा आहेत. एक रुग्णालयाच्या स्ट्रेचरवर पाठ करून पहुडलेली, तर दुसरी लाल तेहुआना पोशाखात ताठ बसलेली. तिच्या हातात कॉर्सेट आहे. पहुडलेलीच्या डोक्यावर सूर्य, बसलेलीच्या डोक्यावर चंद्र. बहुतेक समीक्षकांनी या द्वैताचा प्रतीकात्मक अर्थ लावला आहे. आपण मात्र साधी गोष्ट पाहावी : उघड्या पाठीवर जखमा दोन आहेत, एक कण्यावर आणि दुसरी खाली कमरेशी. ज्या जागेवरून हाड काढले जाते तिला शल्यचिकित्सेच्या वर्णनात सहसा एखाद्या वाक्याचेच स्थान मिळते; चित्रकर्त्रीने मात्र तीही रक्ताळलेली रंगविली आहे. मणके सांधण्यासाठी शरीराचा दुसरा निरोगी भाग कापावा लागतो, हे रुग्णाला विसरता येत नाही.

अर्थात चित्र म्हणजे वैद्यकीय टिपण नव्हे. शस्त्रक्रियेने दुखणे का थांबले नाही, याविषयी चरित्रकारांत एकवाक्यता नाही आणि केवळ चित्रांवरून निवाडा देणे धाडसाचे होईल. एवढे निश्चित की १९५० मध्ये मेक्सिको शहरातील रुग्णालयात त्यांना सुमारे नऊ महिने काढावे लागले, कण्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि बसविलेल्या हाडात जंतुसंसर्ग झाला. १३ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

यानंतर तीनच महिन्यांनी, २१ ऑक्टोबर १९५४ रोजी, त्याच रुग्णालयात डॉ. विल्सन यांच्याच नेतृत्वाखालील पथकाने ३७ वर्षांच्या एका सिनेटरच्या कण्यात धातूची पट्टी बसविली. हे सिनेटर म्हणजे जॉन एफ. केनेडी. अधिवृक्क ग्रंथींच्या अ‍ॅडिसन व्याधीमुळे ही शस्त्रक्रिया त्यांच्यासाठी अत्यंत धोक्याची होती. नंतर जंतुसंसर्ग झाला, ते बेशुद्धावस्थेत गेले आणि मरणापूर्वीचा धर्मसंस्कार करण्यासाठी धर्मगुरूंना बोलाविण्यात आले. जखम भरेना, म्हणून फेब्रुवारी १९५५ मध्ये पट्टी काढून टाकावी लागली. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटमध्ये जोसेफ मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव मतास आला तेव्हा केनेडी अनुपस्थित होते. आजारपणाचे कारण खरे होतेच. पण ते सोयीचेही होते, असा आक्षेप त्यांच्यावर पुढे वारंवार घेतला गेला. मे १९५५ मध्ये ते सिनेटमध्ये परतले.

काहलोंनी आपली जखम जगापुढे मांडली, केनेडींनी ती लपविली. तरीही त्यांच्या शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले, आणि तेही वैद्यकीय नियतकालिकात. १९५५ मध्ये 'आर्काइव्हज ऑफ सर्जरी'मध्ये अधिवृक्क ग्रंथींची न्यूनता असलेल्या रुग्णांवरील शस्त्रक्रियेविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत डॉ. विल्सन होते. त्यात ३७ वर्षांच्या एका पुरुषाचा निनावी वृत्तांत आहे. लेखाचा विषय ग्रंथींचा असल्याने पाठीची व्यथा तेथे केवळ निमित्तमात्र आहे. १९६० च्या निवडणुकीत केनेडींच्या गोटाने अ‍ॅडिसन व्याधीचा इन्कार केला, तेव्हा हा पुरावा ग्रंथालयांच्या कपाटांत पाच वर्षे छापील पडून होता! जॉन निकोल्स यांनी १९६७ मध्ये शस्त्रक्रियेच्या तारखेवरून तो निनावी रुग्ण कोण, हे जाहीर केले.

या दोन साधनांपैकी विश्वसनीय कोणते, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. नियतकालिकातील वृत्तांत अचूक आहे, परंतु त्यात रुग्ण बोलत नाही. चित्रात रुग्ण बोलते, परंतु मात्रा, दिवस, तापमान तेथे नाही. केनेडींच्या बाबतीत तर रुग्णाचा स्वतःचा आवाज जवळपास हरवलेलाच आहे; अंथरुणावरील त्या महिन्यांत त्यांनी ज्या पुस्तकाचे काम केले, त्या 'प्रोफाइल्स इन करेज'चा विषय इतर सिनेटरांचे धैर्य हा होता. आपल्या पाठीविषयी ते त्यात सविस्तर बोलत नाहीत. त्यांची वैद्यकीय कागदपत्रे पाहून रॉबर्ट डॅलेक यांनी सविस्तर लेखन केले ते २००२ मध्ये. तोवर शस्त्रक्रियेला ४८ वर्षे उलटून गेली होती.