डोंगरातला पाऊस पुण्याला कसा कळतो? निरोप येतो ३६ हजार किमी उंचीवरून!

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पुणेकरांचा प्रश्न एकच होता: वर धरणाकडे किती पाऊस पडतोय? अशा दुर्गम ठिकाणचा पाऊस मोजायला आता स्वयंचलित हवामान केंद्रं असतात. पण त्यांचे आकडे हवामान खात्यापर्यंत पोहोचतात कसे? समजून घेऊया.

उपग्रह काय करतो?

इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे इस्रोचे हवामान उपग्रह. ढगांचे फोटो काढणं हे त्यांचं ओळखीचं काम. शिवाय त्यांच्यावर ‘डेटा रिले ट्रान्सपाँडर’ असतो. जमिनीवरचं केंद्र पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता मोजून संदेश वर पाठवतं आणि उपग्रह तो खाली परत पाठवतो. हे संदेश झेलणारं हवामान खात्याचं भूकेंद्र पुण्यात आहे.

तो एकाच जागी कसा?

विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, त्यामुळे आकाशात स्थिर दिसतो. अँटेना एकदा लावली की हलवावी लागत नाही. ३डीआरला जागा मिळाली ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे पुण्याच्या जवळपास सरळ दक्षिणेला.

यात घड्याळ कुठून आलं?

शेकडो केंद्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. दोघं एकदम बोलले तर दोघांचेही आकडे वाया जातात. पूर्वी केंद्रं तोच संदेश वेगवेगळ्या क्षणी पुन्हा पुन्हा पाठवायची, म्हणजे एखादा तरी पोहोचेल. नव्या पद्धतीत प्रत्येकाला ठरलेले काही सेकंद मिळतात. घड्याळ चुकलं की केंद्र दुसऱ्याच्या वेळेत घुसणार! म्हणून ते जीपीएसवरून वेळ जुळवून घेतं.

उपग्रहावरून वेळ कळते का?

हो. भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने इन्सॅटवरूनही वेळेचे संकेत प्रसारित केले होते. मात्र संकेताला वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. अचूक वेळ हवी तर हा उशीर वजा करावाच लागतो.

मग मोबाईल नेटवर्क का नको?

अनेक केंद्रं तेही वापरतात. पण मुसळधार पावसात वीज जाते, टॉवर बंद पडतात. नेमके तेव्हाच आकडे सगळ्यात जास्त हवे असतात.