शिष्यवृत्तीची थैली व तिचा हिशेब



ह्या महोत्सवाचें स्मारक म्हणून आपल्या धर्मग्रामांतील गरीब विद्यार्थ्यांकरितां एक शिष्यवृत्ति-निधि उभारावयाचें ठरलें आहे, व देणग्याही येऊं लागल्या आहेत. त्यांतील दोन-तीन देणग्यांबरोबर अशी अट आली आहे कीं, दात्याच्या कुळांतील मुलांस प्रथम हक्क असावा. हा प्रश्न नवीन नाहीं. पवित्र ख्रिस्तसभेच्या आश्रयानें विद्यार्थ्यांस अशी मदत मिळूं लागल्याला आठशेंहून अधिक वर्षें लोटलीं, आणि तेवढ्या अवधींत ह्या प्रश्नाचीं बरींवाईट उत्तरें देऊन झालीं आहेत.

लॅटिन भाषेंत 'बुर्सा' म्हणजे चामड्याची थैली. मध्ययुगांत विद्यार्थ्याच्या नेमणुकीसही हेंच नांव पडलें. ११८० सालीं जोसियस नांवाचा लंडनचा एक गृहस्थ जेरुसलेमची यात्रा करून पॅरिसला आला. तेथील ओतेल-द्यू ह्या रुग्णालयांत गरीब विद्यार्थी एका खोलींत राहत, असें पाहून त्यानें ती खोली विकत घेतली व १८ विद्यार्थ्यांकरितां कायमची लावून दिली. निजावयास जागा, आणि दानपेटींतून दरमहा प्रत्येकीं १२ नाणीं. त्याबद्दल त्यांनीं काय करावयाचें? रुग्णालयांत कोणी मरण पावल्यास पाळीपाळीनें प्रेतापुढें क्रूस व पवित्र पाणी घेऊन चालावयाचें, आणि रोज रात्रीं प्रायश्चित्ताचीं सात स्तोत्रें म्हणावयाचीं. किती मुलें, किती पैसा, कोणत्या पेटींतून व कोणत्या कामाबद्दल, हें सर्व लिहून ठेविलेलें! आजच्या कित्येक फंडांच्या घटनांत एवढीही स्पष्टता नसते, हें खेदानें म्हणावें लागतें. पुढें १२५७ च्या सुमारास, संत नववा लुई राजाच्या दरबारचा धर्मगुरु रोबेर द सोर्बों ह्यानें धर्मशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांसाठीं जें विद्यालय काढलें, त्यावरून सोर्बोन हें नांव जगांत गाजलें.

कुळाच्या अटीचें अखेर काय होतें, हें पाहावयाचें तर ऑक्सफर्डकडे वळलें पाहिजे. कँटरबरीचे आर्चबिशप हेन्री चिचली यांनीं १४३८ सालीं 'ऑल सोल्स' कॉलेज स्थापिलें. फ्रान्सच्या युद्धांत पडलेल्यांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना व्हावी, आणि विद्वान् धर्मगुरु तयार व्हावे, असा दुहेरी हेतु. निवडींत आपल्या नातलगांस अग्रहक्क द्यावा, असें त्यांनीं नियमांत घातलें. आर्चबिशप अविवाहित, वंश वाढला तो त्यांच्या भावांचा. तीनशें वर्षांनंतर जो तो वंशवृक्ष घेऊन कॉलेजच्या दारांत उभा राहूं लागला. ब्लॅकस्टोन हा विख्यात कायदेपंडित त्याच कॉलेजचा सभासद. त्यानें १७५० मध्यें ह्या अमर्याद हक्काविरुद्ध एक निबंधच लिहिला. तरी १७६५ मध्यें चिचली घराण्याच्या वंशावळींचा ग्रंथ छापून निघाला, ह्यावरून मागणी केवढी होती तें दिसतें. १८५४ च्या ऑक्सफर्ड विद्यापीठ कायद्यानंतर हा हक्क रद्द झाला. आर्चबिशपांची इच्छा वाईट नव्हती; पण मृत्युपत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें पुतण्यांचे चेहरे असतात, पुतण्यांच्या पणतूंचे त्याला दिसत नाहींत.

हिशेबासंबंधीं सर्वांत मोठा निर्णय झाला तो ट्रेंटच्या महासभेंत. १७ सप्टेंबर १५६२ रोजीं असें ठरलें कीं, देवळें, इस्पितळें, बंधुसंघ इत्यादि धर्मादाय संस्थांच्या कारभाऱ्यांनीं, मग ते धर्मगुरु असोत वा प्रापंचिक, दरसाल बिशपांस हिशेब द्यावा. १५ जुलै १५६३ रोजीं सेमिनरी स्थापण्याचा हुकूम निघाला. त्यांत मुख्यतः गरिबांचीं मुलें निवडावीं, श्रीमंतांचीं स्वखर्चानें राहतील तर त्यांसही घ्यावें, असें आहे. सेमिनरीच्या उत्पन्नाचा हिशेब बिशपांनीं दरसाल घ्यावा, परंतु एकट्यानें घेऊं नये: कॅथेड्रलच्या धर्मगुरुमंडळाचे दोन व शहरांतील धर्मगुरूंचे दोन प्रतिनिधि समक्ष असावे. ह्या चार साक्षीदारांचें महत्त्व, ज्याच्या हातीं तिजोरीची किल्ली असते त्याला चांगलें कळतें.

आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मनियमावलींत हेंच सूत्र आहे. विशिष्ट हेतूनें दिलेलें दान त्याच हेतूकडे लावावें (कलम १२६७). भाविकांनीं अर्पिलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांस द्यावा (कलम १२८७). सरकारचा १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा, जो आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो, त्यानेंही हिशेब ठेवणें व दरसाल तपासून घेणें विश्वस्तांवर बंधनकारक केलें आहे.

हें ध्यानांत घेऊन मीं निधीच्या घटनेचा मसुदा केला आहे. ज्याचा मुलगा, मुलगी, पुतण्या वा भाची अर्जदार असेल, त्यानें निवडीच्या बैठकीस बसूं नये. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, शिल्लक किती राहिली, हें वर्षांतून एकदां रविवारच्या मिस्सेनंतर वाचून दाखवावें. नामंजूर झालेल्यांचीं नांवें मात्र वाचूं नयेत, कारण गरिबाची अब्रू हीही आपल्याकडे सोंपविलेली ठेवच आहे. कुळाच्या अटीची जागा मीं कोरी ठेविली आहे. ती अट दात्याच्या नातवंडांपर्यंत चालावी व तेथें संपावी, असें माझें मत आहे. ज्यांचें मत निराळें असेल त्यांनीं तें घटना मंजूर होण्यापूर्वीं, धर्मग्रामाच्या सभेंत, दात्यांच्या समक्ष सांगावें.